पितृपक्षात थांबलेलं पाकीट

मी पितृपक्ष कधीच पाळला नाही. लग्नानंतरचं आमचं पहिलं लोखंडी कपाट मी मुद्दाम त्या पंधरवड्यात घेतलं, कारण दुकानात गर्दी नसते आणि दुकानदार नीट बोलतो. ऑफिसातल्या बायका त्या दिवसांत साधी साडीसुद्धा घ्यायच्या नाहीत, तेव्हा मी त्यांची भरपूर टर उडवायचे. गेलेल्या माणसांना तुमच्या साडीचं काय पडलंय, असं तोंडावर म्हणायचे. माझी जीभ तेव्हा फार चालायची. आयुष्यात एकदाच, शहाऐंशी साली, मी पितृपक्ष कडक पाळला आणि त्यात आईचं कॅनडाला जाणं राहिलं ते राहिलंच.

आम्ही तेव्हा अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला एका दुमजली चाळीत राहत होतो. मी जवळच्याच एका औषधांच्या कारखान्यात टाइम ऑफिसात क्लार्क होते. नवरा भांडुपच्या कारखान्यात, तीन पाळ्यांत. मुलगी पहिलीत, मुलगा दोन वर्षांचा. आणि आई. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर आईने परळची खोली सोडली आणि चार दिवस म्हणून माझ्याकडे आली, त्याला पाच वर्षं झाली होती. सकाळी सातला मी बाहेर पडायचे तेव्हा एक मूल झोपलेलं असायचं आणि दुसरं रडत असायचं. संध्याकाळी परत यायचे तेव्हा दोघं हातपाय धुऊन, पावडर लावून बसलेली असायची, मुलगी पाढे म्हणत. मधलं सगळं आई. ते कसं होतं हे मी कधी विचारलं नाही, कारण होत होतं.

माझ्या पाठचा भाऊ ड्राफ्ट्समन होऊन टोरांटोला गेला होता. तिथेच स्थिरावला, इथे येऊन लग्न करून बायकोला घेऊन गेला. तिला आई नव्हती. त्या वर्षी तिला दिवस राहिले आणि भावाने आईला कायमची तिकडे बोलावून घ्यायचा अर्ज केला. जुलैमध्ये दिल्लीहून, कॅनडाच्या कचेरीतून, जाडजूड पाकीट आलं. आत फॉर्म, सूचना आणि एक पत्र. सगळे कागद सप्टेंबर संपायच्या आत दिल्लीला पोचले पाहिजेत, नाहीतर फाइल बंद होईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. भावाचं पत्र मागोमाग आलं. बाळंतपण जानेवारीत आहे, कागद वेळेत गेले तर आई डिसेंबरपर्यंत इकडे येईल, ताई, तूच काय ते बघ. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे सगळं माझ्याच हातात होतं.

मी फॉर्म भरायला बसले. जन्मतारीख विचारली तर आई म्हणाली, शिमग्यात, होळीच्या आदल्या दिवशी. साल? त्या वर्षी मामाचं घर जळालं होतं. मी मामाच्या वयावरून, आजीच्या लग्नावरून हिशेब करत एक साल पक्कं केलं आणि वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. त्यावर आईने अंगठा उठवला. ती शाई तिने दोन दिवस घासून काढली नाही. नळावर कोणी विचारलं की अंगठा पुढे करून सांगायची, कॅनडाचा आहे. फोटोग्राफर म्हणाला, आजी, दोन्ही कान दिसले पाहिजेत, तर तिने पदर असा काही मागे ओढला की फोटोत ती भांडायला उभी राहिल्यासारखी आली.

जायचंय असं ती तोंडाने कधी बोलली नाही. पण जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवायला घेतली. झबली झाली, टोपरी झाली. अळीव आणि डिंक कुठून कुठून जमा झाले. भावाने कधीतरी पाठवलेले लोकरीचे मोजे ट्रंकेतून निघाले आणि ते घालून ती घरात चालायची सवय करू लागली. लादीवरून घसरायची आणि माझी मुलगी खो खो हसायची. शेजारी पालिकेच्या दवाखान्यातली एक नर्स राहायची. आईची तिच्याशी गट्टी होती. ती संध्याकाळी दारात बसून आईला वॉटर, थँक्यू, माय सन असं शिकवायची. आई थँक्यू म्हणताना दर वेळी हात जोडायची.

हे सगळं बघून मला आनंद व्हायला हवा होता. पहिल्यांदा झालाही. मग ऑगस्टमध्ये एका शनिवारी, कोणाला न सांगता, मी एक पाळणाघर बघायला गेले. एका बाईच्या घरी चटईवर नऊ मुलं बसली होती. कोपऱ्यात एक मुलगी ओल्या चड्डीत गप्प बसली होती. रडत नव्हती, त्याचंच मला जास्त वाटलं. सवय होते हो, बाई म्हणाल्या. घरी आले तर माझा मुलगा आईच्या मांडीवर झोपला होता आणि ती एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने शेंगा सोलत होती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की ही गेली नाही तर बरं होईल. मी तो विचार लगेच झटकला, असं लिहायला मला आवडलं असतं.

मग गणपती आले. त्या धामधुमीत आठ-दहा दिवस गेले आणि त्याबद्दल मला कोणी बोल लावू शकत नाही. राहिला होता तो छातीच्या एक्सरेचा रिपोर्ट. तो अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मिळाला. त्या संध्याकाळी मी सगळे कागद क्रमाने लावले, खाकी पाकिटात घातले, डिंकाने चिकटवले, दिल्लीचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला. आईने पाकीट हातात घेऊन वजन बघितलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं.

"उद्या धाडून टाक गो," ती म्हणाली.

"उद्यापासून पितृपक्ष बसतोय," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर मीच चमकले.  आई माझ्याकडे बघत राहिली.

"तू कधीपासून पाळूक लागलंस?"

"मी नाही पाळत. तू पाळतेस ना? जन्मभर पाळलंस. साधी केरसुणी घेतली नाहीस कधी या दिवसांत."

"ती केरसुणी. ह्यो कागद. टपालात टाकूचो तर हा."

तिने त्याच संध्याकाळी आपल्या मनाशी सगळं जुळवून घेतलं होतं. जिने आयुष्यभर पितरांना पान वाढल्याशिवाय घास घेतला नाही, तिने लेकासाठी वाट काढली होती. मला ते कळलं. आणि कळूनही मी पुढचं वाक्य बोलले.

"तुझ्या सुनेच्या पोटात बाळ आहे, आई. उद्या काही कमी-जास्त झालं तर जन्मभर तुलाच लागून राहील."

 आईने पाकिटाकडे बघितलं, देवाला हात जोडले आणि मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. मी जेवढं बोलले तेवढं पुरे होतं. पितृपक्ष तिचा, भीती तिची, मी फक्त दोन्ही तिच्यासमोर मांडून ठेवली, अशी मी स्वतःची समजूत घातली. नवऱ्याला सांगितलं, आईच नको म्हणतेय. त्याची रात्रपाळी होती, त्याने मान हलवली आणि तो झोपला.

चार-पाच दिवसांनी मी कामावरून आले तर पाकीट आईच्या मांडीवर होतं आणि शेजारची नर्स दारात उभी.

"ही टाकतली पोस्टात," आई म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "तेंच्यात ह्या काय नाय."

"आम्ही बौद्ध गं," नर्स हसत म्हणाली, "आम्हाला पितर-बितर अडवत नाहीत. मावशी म्हणतात, तुझ्या हाताने टाक, म्हणजे आमच्याकडे काही लागत नाही. झकास आयडिया आहे की नाही? दवाखान्याच्या बाजूलाच पोस्ट आहे. उद्या देऊ का टाकून?"

आईने हे एकटीने शोधून काढलं होतं. चार-पाच दिवस मनात घोळवून, पितरांनाही दुखवायचं नाही आणि लेकाकडेही पोचायचं, यातून तिने शोधलेली ती पळवाट होती. आज आठवलं की मला तिचं कौतुक वाटतं. त्या वेळी मात्र मला नुसता राग आला. आता माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं.

"अर्ज आईच्या नावाचा आहे," मी म्हणाले. "टाकणारा हात कोणाचा का असेना. बाधा व्हायची तर तिच्या माणसांनाच होणार."

माझा या कशावरही विश्वास नव्हता. एका शब्दावर नाही. आईचे हात पाकिटावरून बाजूला झाले. नर्स एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिने मला गाठलं. बादली भरत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला पाठवायचंच नाहीये ना त्यांना?"

"माझ्या घरातलं मी बघीन."

"बघ. पण त्यांना तसं तोंडावर सांग. म्हण, माझी पोरं कोण बघणार. त्या राहतील गं. तू म्हणालीस तर हसत राहतील."

मी बादली उचलून चालू लागले. पुढे महिनाभर आम्ही बोललो नाही. ती म्हणत होती ते तर सगळ्यात सोपं होतं. आईला समोर बसवून सांगितलं असतं, मला तुझी गरज आहे, जाऊ नकोस, तर ती खरंच राहिली असती. पण तसं मागितलं असतं तर मी स्वार्थी ठरले असते. मला आई ठेवूनही घ्यायची होती आणि चांगली मुलगीही राहायचं होतं.

टाइम ऑफिसात माझं काम दुसऱ्यांचा उशीर मोजण्याचं होतं. कोणी सात मिनिटं उशिरा आला की त्याच्या कार्डावर मी लाल शाईने खूण करायचे. कितीही गयावया केली तरी ऐकायचे नाही. त्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज खुणा करत होते आणि रोज मला माहीत होतं की दिल्लीला रजिस्टर पोचायला पाच-सहा दिवस लागतात. आज टाकलं तर पोचेल. आज टाकलं तर कदाचित पोचेल. आज टाकलं तर नाही पोचणार. त्या शेवटच्या दिवशी मला हलकं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला चक्क हलकं वाटलं, आणि येताना मी मुलांसाठी जिलेबी घेतली.

घटस्थापनेच्या दिवशी आईने पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि मी ते रजिस्टर केलं. पोस्टातून बाहेर पडताना आई पुढच्या चौकापर्यंत मागे वळून वळून पोस्टाकडे बघत होती. मुदत काय आहे ते तिला मी सुरुवातीला वाचून दाखवलं होतं, पण इंग्रजी महिने तिच्या लक्षात राहत नसत. तिचा हिशेब तिथींवर चालायचा.

नोव्हेंबरमध्ये दोन ओळींचं उत्तर आलं. कागद मुदतीनंतर मिळाले, फाइल बंद केली आहे, अर्जदाराच्या मुलाला हवं असल्यास पुन्हा पहिल्यापासून अर्ज करता येईल. मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे ह्या वेळेक नाय. मी म्हणाले, नाही. मग तिने दुपटी, झबली, टोपरी एका जुन्या उशीच्या अभ्र्यात शिवून टाकली आणि म्हणाली, ह्या तरी पोचव. ते पार्सल मात्र मी दुसऱ्याच दिवशी पाठवलं.

जानेवारीत भावाला मुलगी झाली. त्याचा फोन यायचा तो चाळीखालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. रविवारी सकाळी दवाखाना बंद असला तरी डॉक्टर आमच्यासाठी शटर अर्धं उघडून द्यायचे. फेब्रुवारीत एका रविवारी मी आणि आई तिथल्या बाकावर जाऊन बसलो. फोन वाजला, मी उचलला. वाटलं होतं तो आनंदात असेल. तो भडकलेला होता. बाळंतपणानंतर बायकोला तीन आठवडे ताप होता. पोरीला अंघोळ कशी घालायची ते तो पुस्तकात बघून शिकला. रजा संपली म्हणून तापातच तिला एकटं ठेवून कामावर गेला.

"तारीख कशी चुकली, ताई? दोन महिने होते तुमच्याकडे. दोन महिने! काय करत होतीस तू?"

 दिल्लीची पत्रं उशिरा येतात, एक्सरे उशिरा मिळाला, असलं काहीतरी मी जुळवत होते. त्याचा आवाज इतका मोठा होता की बाकावर बसलेल्या आईला सगळं ऐकू जात असावं. ती उठली आणि तिने माझ्या हातातून फोन घेतला. फोनवर ती नेहमी ओरडूनच बोलायची, तशीच ओरडून बोलली.

"तिका कित्या बोलतंस? मीच थांबवलंय तिका. पितृपक्ष होतो. पितृपक्षात कागद कसो धाडूचो?"

पलीकडून तो काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं नाही. अंधश्रद्धा हा शब्द ऐकू आला. दोनदा. आई होय बाबा, होय बाबा करत राहिली. मग पोरीला दृष्ट लागू देऊ नको, असं काहीतरी ती सांगायला लागली, तोवर फोन बंद झाला होता. तरी तिने वाक्य पूर्ण केलं आणि फोन जपून खाली ठेवला.

जिना चढताना मी तिला अडवलं. "असं का सांगितलंस?"

ती कठड्याला धरून दम खात होती. "तुज्याशी तो जल्मात बोललो नसतो. माज्याशी बोलतलो. आवस मी तेची."

तिला सगळं माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मला रडू आलं आणि मी तिचे पाय धरावेत असंही मनात आलं, पण वरून मुलगा आजी, आजी म्हणून हाका मारत होता. ती माझ्या बाजूने वर निघून गेली.

फक्त एका बाबतीत आईचा अंदाज चुकला. तो माझ्याशी बोलत राहिला. बोलायचा बंद झाला तो तिच्याशी. पुन्हा अर्ज कर असं मी दोनदा लिहिलं, तर त्याने लिहिलं, तिला पितर जवळचे आहेत, राहू दे तिथेच. पत्रं माझ्या नावाने येत. पोरीचे दात, पोरीचं चालणं, बर्फ, नोकरी, सगळं मला. पूर्वी आईसाठी वेगळं पान असायचं, मोठ्या अक्षरात, जणू अक्षर मोठं असलं की तिला वाचता येईल. ते पान बंद झालं. शेवटी आईला नमस्कार एवढं असायचं. काही पत्रांत तेही नसायचं. त्याच वेळी कागद घेऊन बसायला हवं होतं आणि त्याला लिहायला हवं होतं, अरे, मीच थांबवलं होतं. तेवढं लिहायला अख्खं पत्र नाही, पत्राचा एक कोपरा पुरला असता. मी प्रत्येक वेळी पुढच्या पत्रात लिहीन असं ठरवायचे.

पत्र आलं की आई हात पुसत समोर येऊन बसायची. "माज्याबद्दल काय लिवल्यान?"

पहिल्यांदा मी म्हणाले, विचारलंय कशी आहेस. पुढच्या वेळी म्हणाले, लिहिलंय, थंडीत पायांना तेल चोळत जा. मग मला थांबता येईना. तिच्या हातची सोलकढी आठवते, पोरीचं नाक तुझ्यासारखं आहे, दुपट्यात गुंडाळल्याशिवाय ती झोपत नाही. आई प्रत्येक गोष्टीला उत्तर सांगायची. तेका सांग, पाय बरे आसत. तेका सांग, सोलकढी तुझी बायको शिकतली. मी लिहिल्यासारखं करायचे. एकदा मात्र खरंच लिहिलं, आईचे पाय आता बरे आहेत. त्याचं उत्तर एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात आलं. लिहिलं होतं, आईच्या पायांबद्दल मी कधी विचारलं होतं, ताई?

आई समोर भाकरी थापत बसली होती. पिठाचे हात तसेच ठेवून तिने विचारलं, "काय लिवल्यान?"

मी पत्र हातात धरलं. "लिहिलंय, आईला सांग, पुढच्या वर्षी मी स्वतः येतो आणि तिला घेऊन जातो."

आईने तव्यावरची भाकरी उलटायची राहू दिली. "परत वाच," ती म्हणाली. मी तो कागद डोळ्यांसमोर धरला आणि तीच ओळ, एकही शब्द न बदलता, पुन्हा वाचून दाखवली.